दक्षिणेच्या पैशांतून उभे राहिले डेक्कन कॉलेज : सरकारने बंद केलेली संस्था न्यायालयीन लढ्यामुळे वाचली

पुणे : येरवड्याच्या टेकडीवरील डेक्कन कॉलेजची दगडी, टोकदार कमानींची इमारत आज पुरातत्त्व आणि भाषाविज्ञानासाठी ओळखली जाते. एकेकाळी सरकारने तिला कुलूप लावले होते, हे मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

संस्थेचे मूळ या इमारतीहून जुने आहे. पेशवे विद्वान ब्राह्मणांना दरवर्षी दक्षिणा वाटत. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी या निधीचा काही भाग शिक्षणाकडे वळवला आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. नव्या राज्यकर्त्यांविषयीचा रोष शमवणे हाही त्यामागील हेतू होता, असे मानण्यास जागा आहे. पुढे इंग्रजी शिक्षण जोडले जाऊन १८५१ मध्ये तिचे ‘पूना कॉलेज’ झाले. ‘द लाइट ऑफ एशिया’चे कवी एडविन अर्नोल्ड काही काळ तिचे प्राचार्य होते.

वाड्यातील जागा अपुरी पडू लागली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून नव्या वास्तूचा मार्ग मोकळा झाला. १८६४ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते कोनशिला बसली, नाव ‘डेक्कन कॉलेज’ झाले आणि १८६८ मध्ये वर्ग येथे आले. गॉथिक शैलीच्या या इमारतीचा आराखडा कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा.

विष्णुशास्त्री चिपळूणकर, लोकमान्य टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर येथेच शिकले. टिळक-आगरकरांनी सरकारी नोकरी न करता शाळा काढण्याचा विचार येथील विद्यार्थिदशेतच पक्का केला. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल उघडले. सरकारी कॉलेजातच सरकारी नोकरी नाकारण्याचा निश्चय व्हावा, हा विलक्षण योग! वसतिगृहातील टिळकांची खोली आजही जपलेली आहे.

१९३४ मध्ये सरकारने कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत. जीजीभाईंची देणगी याच महाविद्यालयासाठी होती, तेव्हा सरकारला ते परस्पर मोडीत काढता येणार नाही, या भूमिकेवर ते न्यायालयात गेले. अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी संस्था पदव्युत्तर आणि संशोधन केंद्र म्हणून पुन्हा उघडली. एका दात्याच्या शब्दाला शतकाच्या तीन चतुर्थांशांनंतर आलेले हे मोल होते.

नव्या पर्वात ह. धी. सांकलिया यांनी पुरातत्त्वाचा, तर इरावती कर्वे यांनी समाजशास्त्र व मानवशास्त्राचा पाया घातला. १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवर आधारित संस्कृत शब्दकोशाचे काम हाती घेण्यात आले. सुमारे १,५०० ग्रंथांतून टिपलेल्या शब्दांच्या लक्षावधी चिठ्ठ्या येथील कपाटांत आहेत. अनेक खंड निघाले, तरी काम अजून ‘अ’ या पहिल्याच अक्षरावर आहे. १९९० मध्ये संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.