पोरासोबत रानात – भाग ७ : पाचोळा

मागच्या वेळी आपण शेकरूच्या घरट्याखाली थांबलो होतो आणि या आठवड्यात हिवाळ्यातल्या मिश्र थव्यांकडे वळायचं ठरलं होतं. ते थवे पुढच्या भागात. मधेच एका आजींचं पत्र आलं आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जावंसं वाटेना. त्यांची नात साडेतीन वर्षांची आहे. मुलगा-सून तिला डिसेंबरात भीमाशंकरला नेऊन गुप्त भीमाशंकराच्या वाटेनं चालवणार म्हणतात. आजी विचारतात : इतक्या थंडीत एवढ्याशा पोरीला रानात न्यायचं कशाला? सर्दी होईल. आणि नेलीच, तरी ती तिथे बघणार काय? धबधबे आटलेले, फुलं सरलेली, वाघ तर तिथे नाहीच.

आधी सर्दीचं. सर्दी होते विषाणूंमुळे, आणि ते मुलाला रानातल्या वाऱ्यापेक्षा खिडक्या लावलेल्या, माणसांनी भरलेल्या खोलीत लवकर गाठतात. पण म्हणून आजींची काळजी फुकाची नाही. लहान मुलाचं वजन थोडं आणि त्या मानानं अंगाचं आवरण जास्त, त्यामुळे त्याच्या अंगातली ऊब मोठ्या माणसापेक्षा लवकर निघून जाते. चालतं पोर सहसा गारठत नाही, गारठतं ते कडेवरचं. बाप चढ चढून घामाघूम झालेला असतो, त्याला वाटतं हवा छान आहे, आणि त्याच्या खांद्यावरचं मूल हालचाल नसल्यानं थंड पडत असतं. म्हणून उचलून घेतलं की लगेच एक कपडा वाढवावा आणि खाली सोडलं की उतरवावा. तळहात गार लागले म्हणून घाबरू नये, लहान मुलांचे हात गारच असतात. मानेमागे, कॉलरच्या आत बोटं घालून बघावं. तिथे कोमट आणि कोरडं असेल तर पोर मजेत आहे. तिथे घाम असेल तर कपडे जास्त झालेत. घामानं भिजलेलं सुती बनियन पुढे वाऱ्यात फार गार पडतं आणि लवकर वाळत नाही. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरून ठेवते. एका जाड जाकिटापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. आणि आजींच्या पेटीत जुनी कुंची असेल तर ती अवश्य काढावी. डोकं, कान आणि मान एकदम झाकणारं, वाऱ्यानं न उडणारं आणि पोराला स्वतःला ओढून काढता न येणारं दुसरं काही माझ्या बघण्यात नाही. मोज्यांचा जादा जोड घ्यावा. दमा असलेल्या मुलाला मात्र डॉक्टरांना विचारूनच न्यावं.

आता वेळ. पहाटे रानात पोचायचा हट्ट मोठ्यांनी मोठ्यांपुरता करावा. निरभ्र रात्री उघडी जमीन आपली ऊब आकाशाकडे सोडत राहते. तिला टेकलेली हवा गार आणि जड होते, उतारावरून हळूहळू खाली सरकते आणि खोलगट जागी साठते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि त्याच सकाळी गावातला पारा शून्याच्या बराच वर असतो, तो या कारणानं. दाट झाडीत असं होत नाही. वरची पानं आकाशाकडे जाणारी ऊब अडवतात. म्हणून सकाळी उघड्या सड्यावर गवत दहिवरानं चिंब असतं आणि पन्नास पावलांवर झाडाखाली जमीन कोरडी लागते. हा फरक मुलाला पायांनी कळतो. त्याला आधी ओल्या गवताच्या कडेला उभं करा, मग झाडीत न्या. काही सांगायची गरज पडत नाही.

पुण्याहून सहाला निघालं तर मंचर-घोडेगावमार्गे नऊच्या सुमारास भीमाशंकरला पोचता येतं, आणि साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी नऊ हीच खरी वेळ आहे. ऊन झाडांतून तिरपं खाली उतरलेलं असतं. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळावा. देवळाकडची गर्दी वाटेवरही येते आणि खाण्याला सरावलेली माकडं पोराच्या हातातला लाडू हिसकावतात.

दुसरा प्रश्न, ती बघणार काय. याचं उत्तर द्यायला मला सगळा भाग लागणार आहे, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. ती पाचोळा बघणार.

आपण रानात डोळ्यांच्या उंचीवर आणि त्याच्या वर बघत चालतो. साडेतीन वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर असतात आणि बसलं की दीड फुटावर. त्याचं रान तिथेच असतं. पावसाळ्यात तिथे चिखल आणि जळवा, उन्हाळ्यात धूळ. थंडीतच ती जागा बसण्यासारखी, हाताळण्यासारखी असते. शिवाय पाचोळ्याचा हंगाम सुरू होतो तोही आत्ताच. पाऊस सरला की जमिनीतलं पाणी उतरू लागतं आणि ज्या झाडांना पानांचा खर्च झेपत नाही, ती पानं सोडू लागतात. सोडण्याआधी झाड पानातला नायट्रोजन आणि फॉस्फरस बराचसा परत ओढून घेतं, हिरवा रंग मोडतो, आत दडलेला पिवळा दिसू लागतो. देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो आणि पान तिथे सुटतं. भीमाशंकरचं रान बरंचसं सदाहरित; तिथली जांभळं, अंजनी कधीच एकदम उघडी पडत नाहीत. पण त्यांचीही पानगळ चालूच असते आणि कोरड्या महिन्यांत वाढत जाते. गळलेलं पान लगेच कुजतही नाही. कुजवणाऱ्या जिवांना ओल लागते. त्यामुळे थंडीपासून पाचोळा साठत राहतो आणि त्याचं काम पहिल्या पावसानंतर जोरात सुरू होतं. तोवर तो मुलांच्या ताब्यात.

माझी नात पहिल्यांदा त्यात बसली तेव्हा मी तिला झाडांची नावं सांगत होतो. तिनं ऐकलंच नाही. ती एकेक पान उचलून बाजूला ठेवत खाली खाली जात राहिली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "आबा, खाली ओलं आहे." रानातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिनं आपणहून शोधली होती. वरचा थर कोरडा, कुरकुरीत, पानं अख्खी. त्याखाली पानं काळपट, एकमेकांना चिकटलेली, भोकं पडलेली. दोन पानं अलग केली तर मधे पांढऱ्या धाग्यांचं विणकाम दिसतं, ती बुरशी. त्याखाली पान म्हणून ओळखता येईल असं काहीच नाही, नुसती काळी, भुसभुशीत, पावसाच्या वासाची माती. एखादी पोळी उलगडून बघावी तसे हे पदर मुलाला बोटांनी मोकळे करता येतात. तळाशी बोट खुपसलं तर थंडीच्या सकाळी तिथे हवेपेक्षा ऊब लागते, कारण जमीन खालून दिवसाची ऊब हळूहळू सोडत असते आणि पाचोळ्याचं पांघरूण ती टिकवतं. हे सगळं काठीनं वरचे थर सारून आणि नीट बघून मगच करायचं. त्याविषयी पुढे लिहितो.

एकेका पानावरही पुष्कळ असतं. काही पानांवर फिकट नागमोडी रेघ दिसते. ती पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधे राहून आतला गर खात गेलेल्या अळीची वाट. अळी लहान असताना रेघ दोऱ्याएवढी असते आणि अळी वाढत जाते तशी रुंद होत जाते. मुलाचं बोट बारीक टोकावर ठेवायचं आणि जाड टोकाकडे न्यायचं. शेवटी अनेकदा एक बारीकसं भोक मिळतं, तिथून ती बाहेर पडली. तीन वर्षांच्या मुलाला ही गोष्ट पूर्ण समजते. जांभळाच्या पानांवर कधी फोडांसारख्या गाठी असतात. त्याही किड्यांच्याच, किड्याच्या पिल्लाभोवती पान स्वतःच फुगतं. आणि सागाच्या रानात गेलात, मेळघाटाकडे किंवा ठाण्या-पालघरच्या डोंगरांत, तर शिरा तेवढ्या उरलेली, लेसच्या कापडासारखी पानं सापडतात. सागाच्या पानावरची एक अळी शिरा सोडून मधला सगळा हिरवा भाग खाते. असं पान सूर्यासमोर धरून द्यावं. सागाचं कोवळं पान चुरगाळलं की हात लाल होतात हे खेड्यातल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. शहरातल्या पोरांना मुद्दाम दाखवावं.

मग आवाज. पाचोळा हे रानातलं सगळ्यात बोलकं ठिकाण. त्यावर काहीही हललं की कळतं. नऊच्या आधी फारसं ऐकू येत नाही, कारण सापसुरळ्या गारठलेल्या असतात. ऊन लागून अंग तापल्याशिवाय त्यांना पळता येत नाही. साडेनऊ-दहाला एखाद्या उन्हाच्या कवडशाशेजारी पोराला मांडीवर घेऊन बसावं आणि डोळे मिटायला सांगावं. सुर्र आणि थांब, पुन्हा सुर्र आणि थांब : सापसुरळी. पान उलटल्याचा, पुन्हा दुसरं उलटल्याचा, चटचट चाललेला आवाज, आणि त्यात कलकलाट असेल तर सातभाई. ते चोचीनं पानं उडवून खालचे किडे टिपतात. कलकलाट नसेल आणि उलटापालट एकाच जागी, थांबून थांबून चालली असेल, तर बहुधा कस्तूर. शेकरूचा आवाज इथे येणार नाही, तो सहसा झाडावरून खाली उतरतच नाही. पण त्यानं कुरतडून टाकलेली फळं आणि साली मात्र पाचोळ्यात मिळतात. मिळाली की वर बघायचं. घरट्यांकडे बघण्याची ही खालून सुरू होणारी वाट मुलांना जास्त पटते, म्हणून मागच्या भागाला हे जोडून घ्यावं.

कुजक्या लाकडाखाली, सालीच्या आत, पैसा मिळतो. पावसाळ्यात वाटेवर शेकड्यांनी फिरणारा हा किडा थंडीत ओल धरून दडून बसतो. हात लागला की वेटोळं करतो. पाचोळा खाऊन त्याची माती करण्यात त्याचा मोठा वाटा. काही जातींचे पैसे घाबरले की अंगातून झोंबणारा रस सोडतात. तो बोटाला लागून डोळ्यांत गेला तर आग होते, म्हणून पोरानं बघावं, उचलू नये.

आता ती सावधगिरी. लाकूड किंवा दगड उचलायचा तो मोठ्या माणसानंच, आणि आपल्याकडची कड वर करून नाही. पलीकडची कड टेकलेली ठेवून आपल्याकडची उचलली की आतलं जे काही असेल ते थेट आपल्या पायांशी येतं. म्हणून लांब काठीनं पलीकडची कड आपल्या बाजूला ओढून घ्यायची, म्हणजे लाकूड मधे आडोसा राहतं. या रानात हिरवा चापडा आहे, फुरसंही असतं. थंडीत साप सुस्त असतात, निसटून जायला त्यांना वेळ लागतो, त्यामुळे चुकून हात पडण्याचा धोका कमी होत नाही. बंद बूट, पायघोळ विजार, बसण्याआधी काठीनं जागा ढवळणं. एवढं केलं की निर्धास्त बसावं. बघून झालं की लाकूड होतं तसं परत ठेवायचं, कारण ते कुणाचं तरी छप्पर आहे, आणि हे मुलाच्या हातून करवून घ्यावं.

एका भागात मात्र मी पाचोळ्यात बसू नका असंच सांगेन. सिंधुदुर्गातला दोडामार्ग-सावंतवाडीचा पट्टा आणि गोव्यातली सत्तरी इथे माकडताप आहे. १९५७ मध्ये कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला. तो गोचिडींतून पसरतो, आणि गोचिडीची बारीक पिल्लं कोरड्या महिन्यांत, म्हणजे साधारण डिसेंबरपासून पावसाळ्यापर्यंत, पाचोळ्यातच दबा धरून असतात. तिथल्या वाचकांनी थंडीत रुंद, झाडलेल्या वाटेवरूनच चालावं आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावं. बाकी कुठेही रानातून आल्यावर पोराला गरम पाण्यानं आंघोळ घालताना कानामागे, काखेत, गुडघ्यामागे बघावं.

खाऊबद्दल थोडं. तिळाचे लाडू, गूळ घालून कुस्करलेली बाजरीची भाकरी, थर्मासमध्ये गरम दूध. अख्खे शेंगदाणे एवढ्या लहान मुलाला देऊ नयेत, चालता-बोलताना घशात अडकतात. कूट करून दिलेले चालतात.

आणि आजी, एक तंटा हमखास होईल, त्याची तयारी सुनेला सांगून ठेवा. नात मूठभर पानं घरी आणायला मागेल. भीमाशंकर हे १९८५ पासून अभयारण्य आहे आणि अभयारण्यातून पान, पीस, फळ काहीही न्यायला कायद्यानं बंदी आहे. नुसतं नाही म्हटलं तर रडारड होते. माझ्याकडे चालतो तो उपाय असा : निघायच्या आधी दहा मिनिटं राखून ठेवायची आणि तिनं जमवलेली पानं वाटेच्या कडेला तिच्या मनासारखी मांडू द्यायची. लहानापासून मोठं, किंवा पिवळ्यापासून काळं, किंवा भोकवाली एकीकडे आणि बिनभोकाची दुसरीकडे. मांडून झालं की मुलं स्वतःच उठतात. त्यांना पानं हवी असतात त्याहून जास्त ती लावायची असतात.

ज्यांच्या घराजवळ अभयारण्य नाही, त्यांनी या आठवड्यात सोसायटीतल्या किंवा शाळेच्या आवारातल्या एका झाडाखालचा पाचोळा झाडणाऱ्या मावशींना सांगून आठ दिवस तसाच ठेवून घ्यावा आणि रोज पोराला घेऊन तिथे बसावं. नागमोडी रेघेचं पान सापडलं तर कोणत्या झाडाचं ते मला जरूर कळवा. पुढच्या भागात नक्की थवे : कोतवाल, निखार, चष्मेवाला आणि त्यांच्या मागोमाग जाणारे. त्यासाठी दुर्बीण लागणार नाही, तीन वर्षांच्या मुलाला ती डोळ्याला लावता येत नाही.