मोटारसायकलची डिस्क घरच्या घरी बदलताना

आपल्या कॉलेजच्या स्टँडवर पूर्वी सायकली असत, आता मोटारसायकलींची रांग असते. एखाद्या मोकळ्या तासाला या रांगेतून सावकाश चालत जा आणि कोणत्याही गाडीच्या पुढच्या चाकातील भोके पाडलेल्या चकचकीत चकतीकडे जरा वाकून पाहा. तिच्या आतल्या अंगाला बारीक इंग्रजी अक्षरांत ‘मिन. टीएच.’ असे कोरलेले आढळेल आणि त्यापुढे एक आकडा. म्हणजे ‘मिनिमम थिकनेस’, किमान जाडी. माझ्या गाडीवर तो आकडा ३.५ मिलिमीटर आहे. नवी डिस्क चार मिलिमीटर जाडीची असते. ती झिजत झिजत साडेतीनवर आली की तिचे आयुष्य संपले, असे खुद्द तयार करणाऱ्यानेच तिच्यावर लिहून ठेवलेले आहे. तीन-चार वर्षे रोज गाडी चालवूनही मी ते कधी वाचले नव्हते आणि पदार्थविज्ञान तर मी पोटासाठी शिकवतो!

अर्धा मिलिमीटर म्हणजे असे काय मोठे, असे कोणासही वाटेल. त्यासाठी थोडे गणित करू. गाडी १४० किलो आणि चालक ७० किलो, असे २१० किलोचे वजन ताशी ६० किलोमीटर वेगाने चालले आहे. या वेळी त्याची गतिज ऊर्जा सुमारे २९ हजार जूल होते. ब्रेक दाबून गाडी थांबवली म्हणजे ही ऊर्जा नाहीशी होत नाही, पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणातून तिची उष्णता होते. ब्रेक मारताना भार पुढे झुकतो, म्हणून पुढच्या चाकाच्या वाट्याला अधिक येते. त्यातले २० हजार जूल पुढच्या डिस्कने घेतले आणि डिस्क एक किलोची धरली, तर एका थांब्यात तिचे तापमान ४० अंशांहून अधिक वाढेल. वेग ६० ऐवजी ८० असेल तर ही ऊर्जा पावणेदोन पटींहून थोडी जास्तच होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

आता आंबोलीचा घाट घ्या. बेळगावची मुले सुट्टीत सावंतवाडीकडे उतरतात ती याच वाटेने. समजा उतार सहाशे मीटरचा आहे. तेवढ्या उंचीवरून हेच २१० किलो खाली येताना बारा लाखांहून अधिक जूल सोडतात. म्हणजे ताशी ६० वरून गाडी बेचाळीस वेळा थांबवल्यासारखे झाले. यातला काही भाग इंजिन आणि वारा घेतात, पण गाडी न्यूट्रलमध्ये टाकून केवळ ब्रेकवर घाट उतरणारे महाभाग आपण सर्वांनीच पाहिले आहेत. त्यांची डिस्क ही उष्णता ठेवणार कुठे? तिच्या स्वतःच्या धातूत. धातू कमी झाला की तीच उष्णता तापमान अधिक वाढवते, चकती वाकते, क्वचित तिला तडे जातात. शिवाय चकती पातळ झाली की कॅलिपरमधील पिस्टनला तेवढे अधिक बाहेर यावे लागते. त्यात पॅडही झिजलेले असले तर पिस्टन आपल्या घरातून फारच पुढे येतो. अर्ध्या मिलिमीटरची किंमत ही अशी आहे.

डिस्क ब्रेकची कल्पना तशी जुनीच. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली तिचे पेटंट घेतले. १९५३ साली ल मान्सची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार मोटारीने जिंकली आणि जगाचे लक्ष तिकडे वेधले गेले. मोटारसायकलीत ती सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली १९६९ च्या होंडा सीबी ७५० मुळे. आपल्या रस्त्यांवर तिचा प्रसार या शतकाच्या आरंभापासूनचा. एप्रिल २०१९ पासून तर १२५ सीसीहून मोठ्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचे झाले. मोटारीची डिस्क बहुधा ओतीव लोखंडाची असते, तसले बीड आपल्या उद्यमबागेतील फौंड्र्यांत रोज ओतले जाते. मोटारसायकलची मात्र स्टेनलेस पोलादाची, कारण ती उघड्यावर असते आणि गंजलेली चकती कोणालाच आवडत नाही. असो.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या गाडीचा ब्रेक दाबला की लिव्हर बोटांखाली थडथडू लागली. प्रथम मी कॉलेजातील व्हर्नियर घेऊन मोजले. वाचन आले ३.९ मिलिमीटर. मी निश्चिंत झालो. आमच्या प्रयोगशाळेचे अटेंडर कन्नड भाषक, पण अशा बाबतीत त्यांचे मराठी नेमके असते. ते म्हणाले, “सर, काठ मोजलात तुम्ही, डिस्क नाही मोजली.” अगदी खरे होते. पॅड डिस्कच्या शेवटच्या काठापर्यंत पोहोचत नाही. तिथे न झिजलेली एक बारीक कड उरते आणि व्हर्नियरचे सपाट जबडे नेमके त्या कडेवर टेकतात. स्क्रू गेजचे टोक लहान असते, ते कडेच्या आत झिजलेल्या पट्ट्यावर बसते. त्याने आठ ठिकाणी मोजले तेव्हा कुठे ३.४६, तर कुठे ३.४१ असे आकडे आले. डिस्क मर्यादेखाली गेली होती आणि वर जाडी सगळीकडे सारखीही नव्हती. लिव्हरच्या थडथडीचे कारण तेच.

नवी डिस्क आणि नवे पॅड आणले. दोन्ही एकदमच बदलावेत, कारण जुन्या पॅडवर जुन्या डिस्कच्या चऱ्या उमटलेल्या असतात आणि ते नव्या सपाट पृष्ठावर नीट टेकत नाहीत. बोल्टही नवे घेतले. ते पुन्हा वापरू नयेत असे अनेक गाड्यांच्या पुस्तकांत लिहिलेले असते आणि डिस्कच्या किमतीपुढे बोल्टांची किंमत ती किती!

गाडी मेन स्टँडवर घेऊन इंजिनाखाली लाकडी ठोकळा दिला, म्हणजे पुढचे चाक अधांतरी राहते. गाडीला मेन स्टँड नसेल तर दुसरे माणूस धरायला असल्याशिवाय हा उद्योग करू नये. कॅलिपरचे दोन बोल्ट काढले की कॅलिपर मोकळा होतो. तो नळीवर लोंबकळत ठेवू नका, सुतळीने हँडलला बांधा. चाक निघाल्यावर घरातल्या कोणी सहज गंमत म्हणून लिव्हर दाबली तर पिस्टन बाहेर येऊन बसतील, म्हणून दोन्ही पॅडांमध्ये पुठ्ठ्याची जाड घडी सरकवून ठेवावी. पॅडची काळी भुकटी फुंकू नये. जुन्या काळच्या पॅडांत ॲस्बेस्टॉस असे. आजच्या पॅडांत नसले तरी ती धूळ छातीत जाण्याजोगी नव्हेच. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

चाक जमिनीवर आडवे ठेवताना डिस्क वरच्या बाजूला हवी. आता डिस्कचे बोल्ट. कारखान्यात त्यांना आटे पकडून ठेवणारे रसायन लावलेले असते, म्हणून ते हट्टी असतात. बोल्टच्या खाचेतली माती टाचणीने काढावी, एलन-की पूर्ण आत बसल्याची खात्री करावी आणि डोक्यावर हातोडीने दोन हलके ठोके द्यावेत. तरीही बधत नसेल तर तापलेले सोल्डरिंग आयर्न काही मिनिटे बोल्टच्या डोक्याला टेकवून धरावे, रसायन मऊ पडते. झटके देऊ नयेत, एकसारखा जोर लावावा. खाच एकदा गोल झाली की पुढचे काम मेस्त्रीचे, तिथे आपण हट्ट धरू नये. एबीएसच्या गाडीत याच बोल्टांखाली खाचांची एक पातळ कडी असू शकते. ती वाकली तर चाकाचा वेग मोजणारा सेन्सर गोंधळतो, म्हणून ती वेगळी, सपाट ठेवावी.

जुनी डिस्क निघाली की चाकाच्या मध्यावरची बैठक दिसते. बहुतेक लोक तिच्याकडे पाहतसुद्धा नाहीत आणि नेमकी इथेच खरी मेख आहे. त्या बैठकीचा व्यास दहा सेंटिमीटर धरा. एका बाजूला डोक्याच्या केसाएवढा, म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटर, गंजाचा वा मातीचा कण राहिला, तर २४ सेंटिमीटर व्यासाची चकती काठाशी ०.२४ मिलिमीटर डोलणार. अनेक गाड्यांत या डोलण्याची मर्यादाच ०.३ मिलिमीटरच्या आसपास असते. नवी कोरी डिस्क बसवूनही ब्रेक थडथडतो, अशी तक्रार घेऊन दुकानदाराशी भांडणाऱ्यांनी आधी ही बैठक पाहावी. मी ती जुन्या टूथब्रशने आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. कानस अजिबात चालवू नये, चाक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते.

नव्या डिस्कवर गंज येऊ नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो, तो काढलाच पाहिजे. त्यासाठी ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. रॉकेलचा तेलकटपणा मागे उरतो, तेव्हा ते नको. पुसल्यावर डिस्क काठाने धरावी. बोटांचे तेल पॅडला लागले तरी ते शोषून घेते. डिस्कवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पाहून बसवावी. सगळे बोल्ट आधी हाताने लावून मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. किती आवळावेत, हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. समजा तिथे २५ न्यूटन-मीटर लिहिले आहे. दहा सेंटिमीटरच्या एलन-कीच्या टोकाला साधारण २५ किलोचा भार टांगावा एवढा तो जोर झाला. हाताचा अंदाज इथे फार फसवतो. टॉर्कचा पाना एक दिवसासाठी मागून आणावा, त्यात कमीपणा नाही.

पॅड जाड आणि डिस्कही जाड, त्यामुळे पिस्टन मागे दाबावे लागतात. या वेळी ब्रेक ऑइल उलट वरच्या डबीत चढते. मध्यंतरी कोणी डबी काठोकाठ भरून ठेवली असेल तर ते टाकीवर सांडते आणि रंग खाते. डबीभोवती फडके गुंडाळा, जरूर तर थोडे ऑइल उपसून घ्या. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ प्रतीचे कोरडे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत टिकते, ओलावा घेतलेले १५५ पर्यंत. म्हणून जुने उघडे पडलेले ऑइल पुन्हा वापरू नये.

चाक बसवले, ज्या गाड्यांत स्पीडोमीटरची वायर पुढच्या चाकातून निघते तिथली खाच जुळवली, कॅलिपर चढवला, आस आवळली. काटकोनात डोळा ठेवून, फोर्कला बांधलेल्या तारेच्या टोकाशी डिस्कचे अंतर चाक फिरवत पाहिले. डोलत नव्हती. संध्याकाळ होत आली होती. पोरे भोवती उभी होती. मी गाडी चालू केली आणि आमच्या गल्लीच्या उतारावर निघालो.

कोपऱ्यावर ब्रेक दाबला आणि लिव्हर थेट हँडलला जाऊन टेकली. पुढे काहीच नव्हते. मागचा ब्रेक पायाखाली होता आणि वेग दहा-बाराचा होता, म्हणून हे लिहायला मी आहे. गाडी भिंतीला घासून थांबली, गुडघा सोलला. कोपऱ्यावरचा मेस्त्री धावत आला. “लिव्हर मारून बघायचं नव्हं काय ओ सर?” एवढेच तो म्हणाला.

झाले होते ते असे. पिस्टन मी मागे दाबून ठेवले होते. लिव्हरच्या एका दाबाने जेमतेम थोडेसे ऑइल पुढे जाते, त्याने पिस्टन पॅडपर्यंत पोहोचत नाहीत. जागेवर उभे राहून दहा-पंधरा वेळा लिव्हर दाबली की ते पुढे येतात, पॅड डिस्कला टेकतात आणि लिव्हर घट्ट लागते. हे काम चाक बसवल्यावर लगेच, गाडीची किल्लीसुद्धा न लावता करायचे. पास्कलचा नियम मी त्याच आठवड्यात वर्गात शिकवला होता. इतक्या वेळा दाबूनही लिव्हर मऊच राहिली तर नळीत हवा शिरलेली आहे. तेव्हा गाडी ढकलत मेस्त्रीकडे न्यावी.

लिव्हर घट्ट झाली तरी नवी डिस्क पहिल्या दिवशी पूर्ण पकडत नाही. पॅडचा पातळ थर तिच्यावर सारखा बसावा लागतो. रिकाम्या रस्त्यावर ताशी पन्नासवरून पंधरापर्यंत हलक्या हाताने, पूर्ण न थांबता, वीस-पंचवीस वेळा वेग कमी करावा आणि मध्ये डिस्क थंड होऊ द्यावी. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभे राहिले की तेवढ्याच जागी डाग बसतो आणि लिव्हर पुन्हा थडथडू लागते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाट नको. नंतर बोल्ट एकदा तपासावेत.

माझी जुनी डिस्क आता प्रयोगशाळेत आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती व्हर्नियर आणि स्क्रू गेज या दोन्हींनी मोजायला देतो. अटेंडर दाराशी उभे राहून पाहत असतात. बहुतेक जण आधी ३.९ लिहितात.