खडकावरची बिनकवचाची गोगलगाय

पावसाळा लागला कीं आमच्या रोहिणखेडास परसांत व शेताच्या बांधावर गोगलगाई दिसूं लागतात. त्यांतील बिनकवचाच्या गोगलगाईवर चिमूटभर मीठ टाकून तिची तडफड पाहणें हा कांहीं मुलांचा खेळ असतो. आम्हीही लहानपणीं तो केला आहे, हें येथें लपवीत नाहीं. मिठानें तिच्या अंगांतील पाणी बाहेर ओढलें जातें व ती बिचारी सुकून मरते.

मग हिचीच एक बहीण मुंबईच्या खाऱ्या समुद्रकांठीं सुखानें कशी नांदते, हें वाचकांस नवल वाटेल. तिचें शास्त्रीय नांव पेरोनिया व्हेरुक्युलाटा. जुन्या ग्रंथांत तीस ऑन्किडियम म्हणत. प्रो. पी. आर. आवटी व के. आर. करंदीकर यांनीं हिची शरीररचना, गर्भवाढ व राहणी यांवर लिहिलेला प्रबंध मुंबई विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय मालेंत १९४८ सालीं पहिल्या क्रमांकानें प्रसिद्ध झाला. हिच्या अंगांतील द्रव समुद्राच्या पाण्याइतकाच खारट असतो. म्हणून समुद्र तिला शोषून घेत नाहीं.

अंग लांबट वाटोळें, रंग मळकट हिरवा-तपकिरी आणि पाठीवर चामखिळींसारखे उंचवटे. त्यामुळें ती दगडावर सहसा ओळखूं येत नाहीं. ‘गोगलगाय आणि पोटांत पाय’ ही म्हण मात्र हिलाही अक्षरशः लागू पडते, कारण पोटाचा तळ हाच तिचा पाय होय.

समुद्रकांठीं राहूनही ती जमिनीवरील बहिणीप्रमाणें फुप्फुसानें हवा घेते. ओहोटी लागली म्हणजे ती कपारींतून निघते, खडकावरील शेवाळ खरवडून खाते, व भरतीचें पाणी चढण्यापूर्वीं पुनः कपारींत शिरते. घरची वाट ती स्वतःच टाकलेल्या चिकट द्रवाच्या मागावरून काढते. वाट चुकली तर लाटांशीं गांठ!

शिंगांच्या टोकांवरील दोन डोळ्यांखेरीज हिच्या पाठीवरही बारीक डोळे असतात. सेंपर ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८७७ सालीं दाखविलें कीं, ह्या पाठीवरील डोळ्यांची घडण इतर गोगलगाईंच्या डोळ्यांसारखी नसून कण्याच्या प्राण्यांच्या, म्हणजे आपल्याही, डोळ्यांशीं जुळते. अंगावर सावली पडतांच ती आखडते.

प्रत्येक गोगलगाय नर व मादी दोन्ही असते. अंड्यांतून निघालेल्या पिलास मात्र चिमुकलें कवच असतें. तें घेऊन तें समुद्रांत पोहतें, आणि पुढें खडकावर राहावयास आलें म्हणजे कवच टाकून देतें.