बंगल्याच्या मागच्या खोल्या : बंगळुरू छावणीतील घरगुती नोकर आणि इतिहासाची साधने

प्रस्तावना

जुन्या मोठ्या घराचा इतिहास म्हटला की घर कोणी बांधले, कोणी विकत घेतले, तेथे कोण पाहुणे आले, हे आपल्याला सांगितले जाते. पाणी कोणी भरले आणि चूल कोणी पेटवली, हे सहसा सांगितले जात नाही. या पाठात आपण बंगळुरूच्या छावणीतील बंगल्याचे उदाहरण घेऊन तीन गोष्टी पाहू : बंगल्याची रचना, नोकरांच्या कामाची विभागणी आणि या माणसांचा इतिहास लिहिण्यासाठी मिळणारी साधने. तुलनेसाठी अधूनमधून इंग्लंडमधील जमीनदारी वाड्यांकडेही वळू.

१. बंगला आणि परसदार

१७९९ मध्ये टिपू सुलतानाचा पाडाव झाल्यावर इंग्रजी फौज प्रथम श्रीरंगपट्टणला राहिली. तेथील हवा सैनिकांना मानवेना, म्हणून १८०९ मध्ये बंगळुरूला छावणी उभी राहिली. जुने शहर म्हणजे ‘पेटे’ एका बाजूला आणि छावणी दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी पुढे जवळजवळ दीड शतक टिकली. १८८१ मध्ये म्हैसूरचे राज्य वडियार घराण्याला परत मिळाले, तरी छावणीचा कारभार १९४७ पर्यंत इंग्रजांकडेच होता. फौजेबरोबर मद्रास इलाख्यातून तमिळ बोलणारे नोकर, कारागीर आणि व्यापारी येथे येऊन स्थायिक झाले.

छावणीतला बंगला मोठ्या आवाराच्या मधोमध असे. पुढे पोर्च आणि व्हरांडा, छज्जांवर लाकडी टोकदार ‘मंकी टॉप’. स्वयंपाकघर मात्र मुख्य घरापासून तुटक, मागे असे. त्याच्याही मागे तबेला आणि नोकरांच्या खोल्यांची रांग. धूर आणि आगीचे भय हे या अंतराचे एक कारण. वंश आणि जात यांचे भेद पाळणे हे दुसरे.

इंग्लंडच्या वाड्यात नोकर बहुधा मालकाच्याच छपराखाली राहत, तळघरात राबत आणि माळ्यावर झोपत. हिरवे कापड लावलेले एक दार दोन जगांची सीमा असे. बंगळुरूत ही सीमा अंगणभर पसरलेली होती. दुसरा फरक असा की इंग्लंडमध्ये घरनोकरांत बायकांची संख्या फार मोठी होती. येथे आया सोडली तर बंगल्यातील बहुतेक नोकर पुरुष होते.

२. इतके नोकर कशासाठी?

१८९६ च्या ऑक्टोबरमध्ये २१ वर्षांचा विन्स्टन चर्चिल फौजी अधिकारी म्हणून बंगळुरूला आला आणि दोन सहकाऱ्यांबरोबर एका बंगल्यात राहिला. ‘माय अर्ली लाइफ’ (१९३०) या आत्मचरित्रात त्याने या घरातील नोकरांची यादी दिली आहे. प्रत्येकाचा स्वतंत्र बटलर, कपडे सांभाळणारा ‘ड्रेसिंग बॉय’ आणि घोड्यांसाठी सईस. याशिवाय तिघांत मिळून दोन माळी, तीन भिस्ती, चार धोबी आणि एक पहारेकरी. तीन तरुण अविवाहित माणसांच्या दिमतीला इतकी माणसे!

याची कारणे आपण क्रमाने लावू. पहिले, मजुरी स्वस्त होती. दुसरे, जातींच्या कामवाटणीमुळे पाणी भरणारा, कपडे धुणारा आणि झाडलोट करणारा ही माणसे सहसा वेगवेगळी असत. तिसरे, आज यंत्रे आणि नळ जे करतात ते तेव्हा माणसेच करीत. हेसरघट्टा तलावाचे पाणी १८९६ च्या सुमारास शहराला मिळू लागले, तर शिवनसमुद्रची वीज १९०५ मध्ये आली. नळ आल्यावर भिस्तीचे आणि विजेचा पंखा आल्यावर पंखा ओढणाऱ्याचे काम हळूहळू संपत गेले. म्हणजे नोकरांची संख्या हा केवळ श्रीमंतीचा नव्हे, तर तंत्रज्ञानाच्या अवस्थेचाही पुरावा आहे.

बटलर हा या सर्वांवरचा अधिकारी. बाजारहाट, हिशेब आणि इतर नोकरांवर देखरेख त्याच्याकडे असे. त्याच्या हाताखालच्या मदतनिसाला मद्रास इलाख्यात ‘मेटी’ म्हणत. मालकाशी बोलता बोलता घडलेली त्यांची बोली ‘बटलर इंग्लिश’ या नावाने भाषाशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाली आहे.

३. ‘निष्ठा’ या शब्दाची तपासणी

चर्चिलने आपल्या नोकरांच्या निष्ठेची मनापासून स्तुती केली आहे. थोडा पगार, न्याय आणि दोन गोड शब्द मिळाले की ही माणसे काहीही करायला तयार असत, असा त्याचा सूर आहे. ही स्तुती खोटी ठरवण्याचे कारण नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचारावे : हे कोण सांगत आहे? नोकराला दुसरा पर्याय काय होता?

नोकरी सुटली की खोलीही सुटे. पुढची नोकरी मिळायची तर आधीच्या साहेबाची ‘चिठ्ठी’, म्हणजे वर्तणुकीचा दाखला हातात लागे. ज्याचे घर, पोट आणि अब्रू एकाच माणसाच्या मर्जीवर आहे, त्याच्या मनातील राग कागदावर येण्याची शक्यता कमीच. फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांनी मेमसाहेबांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकात (१८८८) पुन्हा पुन्हा चुकणाऱ्या नोकराला एरंडेल पाजण्याचा उपाय सुचवला आहे. प्रौढ माणसाला लहान मुलासारखे वागवणारी ही नजर त्या निष्ठेच्या शेजारी ठेवून वाचली पाहिजे.

आणखी एक साधन पाहा. बंगळुरू क्लबच्या जुन्या वहीत वसूल न होणाऱ्या रकमांमध्ये चर्चिलच्या नावावर १३ रुपये नोंदलेले आहेत. ही वही आजही कौतुकाने दाखवली जाते. साहेबाचे थकलेले १३ रुपये इतिहासात राहिले. त्याच्या नोकरांच्या त्या यादीत मात्र फक्त कामे आहेत, नावे नाहीत.

४. नोकरांचा स्वतःचा आवाज

वेल्समधील एर्डिग या वाड्याच्या यॉर्क घराण्याने १७९० च्या दशकापासून आपल्या नोकरांची चित्रे काढून घेतली आणि त्यांवर कविता लिहिल्या. त्यामुळे तेथील नोकरांचे चेहरे आणि नावे टिकली. पण शब्द मालकाचेच राहिले. मार्गारेट पॉवेल या एकेकाळच्या स्वयंपाकघरातील नोकराणीने १९६८ मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, तेव्हा तेच जग खालून कसे दिसते हे वाचकांना कळले. आपल्याकडे बेबी हालदार यांचे ‘आलो आँधारि’ हे आत्मकथन (हिंदीत २००२) घरकाम करणाऱ्या स्त्रीनेच लिहिलेले आहे.

साहेबांच्या मुलांना सांभाळत बोटीने इंग्लंडला गेलेल्या काही आयांना तेथे पोचल्यावर कामावरून सोडून दिले जाई. त्यांच्यासाठी लंडनमध्ये आश्रयगृह होते. हॅकनी भागातील त्या इमारतीवर २०२२ मध्ये स्मृतिफलक लागला.

५. खोल्या गेल्या, काम राहिले

स्वातंत्र्यानंतर छावणीतील अनेक बंगले पाडून तेथे इमारती आल्या आणि मागच्या खोल्यांची रांगही नाहीशी झाली. घरात राहणाऱ्या पुरुष नोकराच्या जागी चार घरी कामाला जाणारी बाई आली. ती मालकाच्या आवारात राहत नाही. त्यामुळे ती एका घराला बांधलेली नाही, पण खोलीचे भाडे आणि प्रवासाचा खर्च आता तिच्या माथी आहे.

नातेही बदलले. १९८० मध्ये पुण्यातील मोलकरणींनी पगारवाढीसाठी काम बंद ठेवले आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. कर्नाटकाने २००४ मध्ये घरकामासाठी किमान वेतन ठरवले. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला; भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. ‘नोकर’ ते ‘कामगार’ हा केवळ शब्दांचा बदल नाही. नोकराला दया मागावी लागते, कामगाराला हक्क मागता येतो.

सारांश

बंगल्याची रचना, नोकरांची संख्या आणि मालकांच्या आठवणी ही तिन्ही उपयुक्त साधने आहेत. मात्र तिन्ही मालकाच्या बाजूने तयार झालेली आहेत. म्हणून त्यांत काय आहे याबरोबरच काय नाही, हेही वाचावे लागते.

स्वाध्याय

१. भिस्ती आणि पंखा ओढणारा ही कामे का संपली? तंत्रज्ञानाच्या आधारे स्पष्ट करा.
२. मालकाने केलेली नोकराची स्तुती पुरावा म्हणून वापरताना कोणती काळजी घ्याल?
३. तुमच्या घरी किंवा वसतिगृहात काम करणाऱ्या व्यक्तीशी, तिची परवानगी घेऊन आणि तिच्या सोयीच्या वेळी, अर्धा तास बोला. तिचे सांगणे तिच्याच शब्दांत लिहा आणि लिहिलेले तिला वाचून दाखवा. तिने काय दुरुस्त केले, याची स्वतंत्र नोंद करा.