पावसाळ्यासाठी खडी : अंदाज आणि साठवण

गुंजी, लोंढा, खानापूर हा आपला पट्टा सह्याद्रीला लागून असल्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात येथील अंगणे क्वचितच कोरडी होतात. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि पाहता पाहता त्यावर शेवाळ चढते. दवाखान्यात येणाऱ्या आईच्या एका हातात छत्री असते, दुसऱ्या हातात तापाने फणफणलेले मूल. तिचा पाय घसरला तर सावरण्यासाठी हात मोकळा नसतो. पावसाळ्यात डोक्याला मार लागलेली जी तान्ही मुले माझ्याकडे येतात, त्यांपैकी काही स्वतः पडलेली नसतात. त्यांना कडेवर घेतलेले मोठे माणूस पडलेले असते. अशा अपघातावरील उपचार आपण डॉक्टर मंडळी जाणतोच. प्रतिबंधाचा विचार मात्र फाटकापासून करावा लागतो.

घसरण्याचे कारण सोपे आहे. शेवाळ आणि पाणी यांचा बुळबुळीत थर तळवा व जमीन यांच्यामध्ये येतो. कोनदार खडीचे दाणे या थरातून वर डोके काढतात आणि पाणी फटींतून खाली उतरते. अमेरिका-कॅनडातील आपली मराठी कुटुंबे हिवाळ्यात घरासमोरच्या बर्फावर बारीक खडी टाकतात, ती याच कारणाने. साधे मीठ उणे ९ अंश सेल्सिअसच्या खाली बर्फ वितळवण्यास फारसे उपयोगी पडत नाही. खडी मात्र पायाला पकड देत राहते. एक भेद लक्षात ठेवावा. बर्फात दाणे रुततात. गुळगुळीत सिमेंटवर किंवा फरशीवर विरळ टाकलेली खडी गोट्यांसारखी घरंगळते. म्हणून फरशी खराट्याने घासून स्वच्छ ठेवावी आणि खडी मातीच्या वाटेवरच पसरून धुमसाने ठोकावी. नदीतील गोल गोटे नकोत. क्रशरची अर्धा इंची खडी थोडी कच मिसळून घ्यावी.

आता हिशेब. आपल्याकडे खडी ब्रासवर मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. समजा, फाटकापासून दारापर्यंतची वाट ३६ फूट लांब व १० फूट रुंद आहे. क्षेत्रफळ ३६० चौरस फूट झाले. दोन इंचांचा थर म्हणजे फुटाचा सहावा भाग. म्हणून ३६० भागिले ६, म्हणजे ६० घनफूट. ठोकल्यावर थर बसतो, काही खडी कडेला जाते; त्यासाठी चौथा हिस्सा, म्हणजे १५ घनफूट, अधिक धरावे. एकूण ७५ घनफूट. एक ब्रास मागवल्यास २५ घनफूट शिल्लक राहते आणि हीच शिल्लक महत्त्वाची. चाकांनी व पागोळ्यांनी जुलैत खळगे पडतात, तेव्हा भर पावसात खडीची गाडी आणणे कठीण होते.

माल उतरवण्यापूर्वीच मोजावा. ट्रॉलीत १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि १ फूट ८ इंच उंच असा सपाट भराव असेल तर तो एक ब्रास होतो. ढीग केल्यानंतर मोजायचा झाल्यास त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची, एवढेच घनफूट साधारणपणे समजावे. कारण शंकूच्या सूत्रातील ३.१४ भागिले ३ ही संख्या एकाच्या जवळ आहे. ५ फूट त्रिज्येचा, साडेतीन फूट उंच ढीग सुमारे ९० घनफुटांचा भरतो.

एक ब्रास खडीचे वजन सुमारे चार ते साडेचार टन असते. म्हणून ती कुंपणाच्या भिंतीला टेकून किंवा शौचालयाच्या टाकीच्या स्लॅबवर ओतू नये. शिल्लक खडीसाठी उंचवट्यावर चिऱ्यांचा तीन बाजूंनी बंद कप्पा रचावा : ४ फूट लांब, ३ फूट रुंद, अडीच फूट उंच. तळाला किंचित उतार द्यावा. खडी पावसाने खराब होत नाही. पण उघडी राहिल्यास तीत चिखल आणि गवत मिसळते, म्हणून ताडपत्री घालावी. ताडपत्री ताणून बांधावी व तीवर दगड ठेवावेत, जुने टायर कदापि नकोत. टायरात आणि ताडपत्रीच्या घड्यांत साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डेंग्यूचे डास तयार होऊ शकतात. खडी काढताना हात न घालता लांब दांड्याचे फावडे वापरावे. विंचू आणि सर्प यांना अशी जागा प्रिय असते.

शेवटची सूचना बालरोगतज्ज्ञाची. सव्वा इंच व्यासाच्या भोकातून जाणारी कोणतीही वस्तू तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकते. अर्धा इंची खडी तर सहज. कप्पा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावा आणि चौथी बाजू फळीने बंद करावी. खडा अडकून तान्ह्या बाळाचा श्वास कोंडला व त्याला रडता-खोकता येत नसेल, तर तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये. डोके खाली राहील असे पालथे धरून पाठीवर ५ थापा, मग उताणे करून छातीवर ५ दाब, हे आलटून पालटून करीत तातडीने मदत बोलवावी.

मे महिन्यातील एक दुपार, एक टेप आणि एक ब्रास खडी, एवढी तयारी प्रत्येक दवाखान्याने आणि घराने करावी, ही नम्र विनंती.