हुकलेले भाग कोण ऐकवणार?

आकाशवाणी आणि राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषद यांची 'मानव का विकास' ही नभोमालिका १९९१ साली सुरू झाली. भाग १४४, भाषा १८! माणूस घडला कसा, हे ऐकायला सुमारे १ लाख मुलांनी नावे नोंदवली होती.

परंतु आपल्या भूम, परंडा, वाशीकडचे कुटुंब दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघाले, की पाच-सहा महिने परतत नाही. आठवड्याला एक धरला तरी वीसएक भाग बुडाले. रेडिओवरचा भाग गेला तो गेलाच. तिकडे इंग्रजीत 'डॉक्टर हू' या विज्ञानकथेच्या मासिक मालिकेत १९९९ ते २०२१ पर्यंत २७५ श्राव्यनाट्ये निघाली. मागे पडलेला श्रोता ती विकत घेऊन ऐकतो.

आता फोन आपल्याही घरात आहे. आमची सूचना साधी आहे. ट्रॅक्टर हलण्याआधी वस्तीतल्या शिकलेल्या ताई-दादांनी एखाद्या मालिकेचे भाग फोनमध्ये क्रमवार उतरवून द्यावेत, म्हणजे कोपीवर रेंज नसली तरी अडणार नाही. पहिल्या भागापासूनच ऐकण्याचा हट्ट नको. गोडी लागेल तिथून सुरुवात करावी, मागचे सावकाश. राहिला चार्जिंगचा प्रश्न. तो मुकादमाने सोडवावा, उचल देताना तेवढे बोलून घ्या.