डोकं गरम, मनगट थंड

बास्केटबॉलची रिंग केवढी असते माहीत आहे? व्यास 18 इंच. महिलांच्या सामन्यातला चेंडू सुमारे 9 इंचांचा. म्हणजे रिंगमध्ये जवळजवळ दोन चेंडू शेजारी शेजारी बसावेत एवढी ऐसपैस जागा. मग एवढे नेम चुकतात कसे?

चुकतात, कारण चेंडू सरळ वरून पडत नाही, तिरका येतो. आणि तिरक्या बाजूने पाहिलं की गोल रिंग चपटी होते. 45 अंशांनी उतरणाऱ्या चेंडूच्या वाट्याला त्या 18 इंचांतले पावणेतेराच येतात. 30 अंशांनी आला तर उरतात बरोबर 9, आणि चेंडू असतो 9 इंचांहून केसभर मोठा! रिंग सताड उघडी, तरी आत शिरायला वाट नाही. म्हणून लांबून टाकायचं तर चेंडू उंच चढवावा लागतो. उंच चढवायचा तर जोर हवा. आणि जोर वाढला की नेम ढळतो.

आता हा हिशेब डोक्यात ठेवून आयोवा विद्यापीठाच्या मैदानात चला. तारीख 15 फेब्रुवारी 2024, समोर मिशिगन. आयोवाची 22 नंबरची गार्ड केटलिन क्लार्क हिला महिला कॉलेज बास्केटबॉलमधला केल्सी प्लमचा कारकिर्दीतल्या 3,527 गुणांचा विक्रम मोडायला 8 गुण हवे आहेत. सामन्याची सव्वादोन मिनिटंही झालेली नाहीत आणि पाच गुण झालेले आहेत. ती चेंडू घेऊन येते आणि मैदानाच्या मधोमध रंगवलेल्या बोधचिन्हाजवळूनच हात उचलते. रिंग तिथून सुमारे 33 फुटांवर!

अशा फेकीत चेंडू हाताबाहेर पडतो तो ताशी 38 किलोमीटरच्या आसपास वेगाने, आणि जवळजवळ दीड सेकंद हवेत राहतो. दिशा पाऊण अंशाने चुकली तरी तो रिंगच्या कडेवर आदळणार. वेगात शंभरात अर्ध्याचा फरक पडला तरी तेच. एवढी काटेकोर मोजणी धावत येऊन, समोर एक हात नाचत असताना, डोळ्याचं पातं लवतं तेवढ्या वेळात करायची. तिने केली. चेंडू आत गेला, विक्रम मोडला, आणि त्या रात्री तिने एकूण 49 गुण केले.

पण एवढ्या लांबून मारायचंच कशाला? तीन गुण देणारी रेषा तर रिंगपासून साधारण 22 फुटांवर आहे. तिच्या मागे आणखी अकरा फूट सरकलं म्हणून चौथा गुण कुणी देत नाही.

खरी गंमत इथे आहे. सरळ बॅटने लाँगऑनवरून षटकार मारणारा फलंदाज आला की कर्णधार क्षेत्ररक्षक सीमारेषेवर पाठवतो, आणि मग आतल्या बाजूला एकेरी धावांचं कुरण मोकळं होतं. क्लार्कने नेमकं हेच केलं. ती 30 फुटांवरून मारते म्हटल्यावर बचाव करणारीला तिथवर जावंच लागतं. बहुतेक वेळा एकटीने भागत नाही, दोघी जातात. मग रिंगजवळ उरलेल्या तिघींना आयोवाच्या चौघींना सांभाळावं लागतं. क्लार्कने तिकडे पास दिला की काम झालं. चार वर्षांत तिच्या पासवर झालेल्या बास्केट आहेत 1,144! लोक तिच्या लांब फेकींनी वेडे झाले. मला विचाराल तर तिचे पास जास्त थक्क करणारे आहेत. दुसऱ्या वर्षी, 2021-22 मध्ये, सरासरी गुण आणि सरासरी असिस्ट (म्हणजे अशाच पासवर झालेल्या बास्केट) या दोन्हींत ती देशात पहिली होती. पहिल्या श्रेणीच्या महिला कॉलेज बास्केटबॉलमध्ये हे आधी कुणाला जमलं नव्हतं.

आयोवात मुलींचं बास्केटबॉल नवं नव्हे. तिथल्या शाळांत 1993पर्यंत मुलींचा सहा-सहा जणींचा वेगळाच खेळ चालायचा: तिघी फक्त आक्रमण करणार, तिघी फक्त बचाव, मैदानाची मधली रेषा ओलांडायची नाही. बचावातल्या तिघींना बास्केट मारायची संधीच नव्हती! त्याच खेळात 1968 साली डेनिस लाँग या शाळकरी मुलीने एका सामन्यात 111 गुण केले होते. मक्याच्या शेतांमधल्या छोट्या गावांतून लोक मुलींचे सामने बघायला गर्दी करत. क्लार्क त्याच राज्यातल्या डी मॉइनची. त्यामुळे 2023च्या ऑक्टोबरमध्ये आयोवाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये महिला बास्केटबॉलच्या एका प्रदर्शनी सामन्याला 55,646 माणसं जमली, याचं निदान आयोवाला तरी फार नवल वाटलं नसावं.

आता तिच्या रागाकडे. पंचांकडे हात पसरून दाद मागणं, स्वतःची फेक हुकली तरी चरफडणं, समोरच्या संघाला डिवचणं, हे सगळं तिच्या खेळात पहिल्यापासून. 2023च्या राष्ट्रीय स्पर्धेत लुईव्हिलविरुद्ध तिने 41 गुण, 10 रिबाउंड आणि 12 असिस्ट केले. 40च्या वर गुण आणि ट्रिपल-डबल (तिन्ही आकडे दोन अंकी), हे या स्पर्धेत पुरुष वा महिला कुणालाच तोवर साधलं नव्हतं. त्याच सामन्यात चेहऱ्यासमोर पंजा हलवून ‘मी तुम्हाला दिसतच नाही’ अशी खूणही तिने केली. पुढच्या सामन्यात साउथ कॅरोलिनाच्या एका गार्डला तिने लांबूनच हात झटकून सोडून दिलं: मार खुशाल, तुझ्याकडून काय व्हायचंय!

नियमांच्या पुस्तकात या स्वभावाची किंमत लिहून ठेवलेली आहे. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. त्याच स्पर्धेचा अंतिम सामना लुइझियाना स्टेटशी, आयोवा मागे पडलेली, तिसरा क्वार्टर संपत आलेला. क्लार्कने चेंडू पंचाच्या हाती न देता पाठीमागून भिरकावला. टेक्निकल फाउल! तो तिचा चौथा ठरला. एका आळसटलेल्या झटक्याने देशातली सर्वोत्तम खेळाडू बाहेर जाण्यापासून एका फाउलवर आली. तिने 30 गुण केले, पण आयोवा 102-85 अशी हरली. शेवटी लुइझियानाच्या एंजल रीसने तीच पंजाची खूण तिला परत केली. देशभर रीसवर टीका झाली, तेव्हा तिच्या बाजूने बोलली ती क्लार्कच. वर्षभराने तोच संघ पुन्हा समोर आला, आणि क्लार्कने 9 थ्री-पॉइंटर ठोकत 41 गुण केले.

आणखी एक योगायोग बघा. कॉलेज बास्केटबॉलच्या पहिल्या श्रेणीत, पुरुष आणि महिला मिळून, गुणांचा सगळ्यांत मोठा विक्रम होता पीट मॅराविचचा, 3,667 गुणांचा. तोही लुइझियाना स्टेटचाच. 1970ला संपलेली त्याची कारकीर्द अवघ्या 83 सामन्यांची, कारण तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात घेत नसत. आणि कॉलेजच्या खेळात तीन गुणांची रेषा तर नव्हतीच. क्लार्कला मिळाले 139 सामने. तेव्हा थोर कोण हा वाद घालू नये. घालायचाच तर कॅन्ससच्या लिनेट वुडार्डलाही त्यात घ्यावं. तिने पुरुषांच्या मोठ्या चेंडूने खेळून 3,649 गुण केले होते, आणि तेव्हा महिलांची स्पर्धा दुसऱ्या संघटनेकडे होती म्हणून ते अधिकृत यादीत धरलेच गेले नाहीत.

मॅराविचचा विक्रम मोडला 3 मार्च 2024 रोजी, ओहायो स्टेटविरुद्ध. अर्धा सामना संपायला 0.3 सेकंद उरले असताना एका खेळाडूला टेक्निकल फाउल मिळाला. यावेळी क्लार्कला नव्हे, प्रतिस्पर्धी संघातल्या मुलीला. त्यावरच्या फ्री थ्रो मारायला क्लार्क रेषेवर उभी राहिली. अंतर पंधरा फूट, आड कुणी नाही. दोन्ही आत.